कल्हईला दिलेलं इंजिन

लातूर जिल्हा झालं तेव्हा गंजगोलाईच्या बाजारात पेढे वाटले गेले. ईश्वरप्पांनीही वाटले. कलेक्टर आले, त्यांच्या मागून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या. सगळं आलं, पाऊस तेवढा यायचा राहिला. एक साल असंच गेलं, दुसरंही त्याच वाटेनं निघालं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, टँकर आला की बायका घागरी घेऊन धावणार, आणि लोकांनी पोरींची लग्नं पुढं ढकललेली. लग्नंच नाहीत म्हटल्यावर भांडी कोण घेतंय? ईश्वरप्पांचं भांड्यांचं दुकान गोलाईतलं जुनं, पण त्या दोन सालांत त्यांनी घागरी विकल्या कमी आणि झटकल्याच जास्त. दुकान रिकामं असलं की माणसाच्या डोक्यात नको ते विचार येतात म्हणतात. ईश्वरप्पांच्या डोक्यात आलेला विचार मात्र चांगला होता. घात केला तो त्या चांगल्या विचारानंच.

त्यांच्या बायकोच्या, रत्नम्माच्या लोखंडी ट्रंकेत एक खेळण्यातलं वाफेचं इंजिन होतं. उदगीरहून, माहेराहून लग्नात आलेलं. वीतभर लाकडी फळीवर तांब्याची लहानशी टाकी, तिच्यावर धुराडं आणि एक चिमुकली शिट्टी, शेजारी उभ्या पत्र्याला लागून बोटाएवढी पितळी नळी, तिच्यात सरकणारा दट्ट्या आणि एक चाक. टाकीखाली स्पिरिटचा दिवा ठेवायचा, पाणी उकळलं की वाफेनं चाक फिरणार, असा तो सगळा प्रकार. ईश्वरप्पा त्याला न्हाणीतल्या बंबाचं पिल्लू म्हणायचे. ते चालताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला रत्नम्मा ते बाहेर काढायची. त्या दिवशी गोलाईत जो तो आपापल्या हत्यारांची पूजा मांडतो. ईश्वरप्पा तराजू मांडायचे, भांड्यांवर नावं कोरायचं यंत्र मांडायचे, आणि त्यांच्या शेजारी रत्नम्मा हे इंजिन ठेवायची. विभूती लावायची, झेंडूचं फूल वाहायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवून द्यायची. सासऱ्यांची वस्तू आहे, एवढंच ईश्वरप्पांना ठाऊक. सासरे लग्नाच्या आधीच लिंगैक्य झालेले, त्यामुळं त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

गेल्या खंडेनवमीला टाकी पुसता पुसता रत्नम्मा म्हणाली होती, "बापूंच्या वेळी कसं चमकायचं हे." बस, एवढंच. पण ते वाक्य ईश्वरप्पांच्या मनात घर करून बसलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या गृहस्थानं बायकोला काय दिलं म्हणाल, तर घागरी, पराती आणि डबे. दुकानात जे खपलं नाही ते घरी आलं. एकदा तरी तिला काही आणून द्यावं, तिनं न मागता, तिला हवं असलेलं, असं त्यांना फार वाटायला लागलं होतं.

चैत्रात रत्नम्मा लेकीच्या बाळंतपणासाठी बिलोलीला गेली आणि ईश्वरप्पांनी ट्रंक उघडली. इंजिन उन्हात धरून पाहिलं. तांबं काळवंडलेलं, आणि धुराड्याच्या बुडाशी हिरवं चढलेलं. तांब्याला हिरवं चढलं म्हणजे कल्हई. हे ईश्वरप्पांना कोणी सांगायची गरजच नव्हती, दहा गिऱ्हाइकांना तेच सांगत होते. इंजिन पिशवीत घालून ते गोलाईमागच्या बोळात पाशामियाँकडे गेले. पाशामियाँ म्हणजे त्यांच्या दुकानाचा जुना कल्हईवाला. भाता, कोळसे आणि नवसागराच्या धुरात त्याचं आयुष्य गेलेलं.

पाशामियाँनी इंजिन उलटंपालटं करून पाहिलं. "आप्पा, ह्यात वरण शिजवणार का आमटी?"

"पाणी उकळायचं असतंय त्यात. आतून कल्हई कर, बाहेरून उजळून दे."

"करतो की. पण चीज जरा न्यारी दिसून राहिली."

"पाशाभाई, तांबं हाय का न्हाई? मग झालं. जन्म गेला माझा तांबं विकण्यात."

हे बोलणं पुढं किती तरी दिवस ईश्वरप्पांच्या कानात वाजत राहिलं. पाशामियाँनी खालची लाकडी फळी सोडवली, भाता मारला, चिमट्यात धरून टाकी निखाऱ्यावर फिरवली. तांबं नुसतं तापलं तोच धुराडं कलंडलं. हे काय म्हणेपर्यंत नळी सुटली, शिट्टी गळून पडली आणि टाकीचं बूड निखाऱ्यात. "या अल्ला!" म्हणून पाशामियाँनी चिमटा मागं ओढला, पण चिमट्यात आता नुसता एक तांब्याचा पत्रा उरला होता. भांडं ठोकून घडवतात, त्याला ताव सोसतो. हे खेळणं होतं डाखानं जोडलेलं. डाख म्हणजे कथील आणि शिशाचा जोड, ताव लागला की त्याचं पाणी होतं. पण भांडेवाल्यानं आणि कल्हईवाल्यानं जन्मभर भांडीच पाहिलेली. दोघांच्या डोक्यात हे आलं नाही.

 "गलती माझी," पाशामियाँ म्हणाला. "न्हाई रे, माझीच," ईश्वरप्पा म्हणाले. राखेतून तुकडे वेचून त्यांनी बिस्किटांच्या एका डब्यात भरले आणि डबा दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवला. घरी येऊन तो रुमाल घेतला, त्यात दुकानातला एक पितळी तांब्या गुंडाळला आणि ट्रंकेत होता तिथं ठेवून दिला. हे करताना आपण चोर आहोत असं त्यांना वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. खंडेनवमीपर्यंत इंजिन पुन्हा उभं राहिलं पाहिजे, रत्नम्माला कळायच्या आत, एवढी एकच गोष्ट आता त्यांना दिसत होती.

पण उभं करायचं कसं? भांड्याला पोचा आला तर काढता येतो, घागरीचं बूड बदलता येतं. वाफेचं इंजिन कुठं शिकायचं, कुणाला विचारायचं? नवा जिल्हा, नवं तंत्रविद्यालय, तेव्हा ते आधी तिथं गेले. एका तरुण मास्तरांनी अगत्यानं चहा पाजला, तुकडे पाहिले, हळहळले. म्हणाले, वाफेचं इंजिन आमच्या अभ्यासक्रमातून गेलं हो, आता टर्बाइन असतं. ग्रंथालयात एखादं जुनं पुस्तक असेल, पण पुस्तकं अजून खोक्यांत आहेत आणि कपाटं उस्मानाबादहून यायची आहेत. कपाटं आली की कळवतो म्हणाले. बिचारे मनापासून म्हणाले, पण जिल्हा विभागला तशी कपाटं विभागायला किती काळ लागणार हे ईश्वरप्पांना गोलाईत बसून चांगलं माहीत होतं.

मग ते स्टेशनवर गेले. लातूरची गाडी तेव्हा छोट्या रुळांवरची, कुर्डुवाडीकडे जाणारी, आणि तिला ओढायला वाफेचं इंजिन. त्याचा ड्रायव्हर माणिकप्पा त्यांच्या भावकीतला निघाला. त्यानं फलाटावर रुमाल पसरला, एकेक तुकडा त्यावर लावला आणि मान हलवली.

"आप्पा, टाकी हाय, दट्ट्या हाय, चाक हाय. व्हॉल्व कुठाय?"

"त्यो काय असतंय?"

"वाफेला आत घ्यायला दार पायजे, बाहेर काढायलाबी दार पायजे, आन् ती दारं येळेवर उघडझाप करणारं कुणीतरी पायजे. त्ये म्हंजे व्हॉल्व. ह्यो बघा," असं म्हणून त्यानं आपल्या मोठ्या इंजिनाच्या पोटाशी हात लावून दाखवलं. "त्याच्याबिगर तुमचं हे इंजिन न्हाई, किटली हाय."

 म्हणजे एक भाग हरवला. भट्टीतच राहिला असणार. ईश्वरप्पा तडक बोळात गेले. पाशामियाँनी तोवरची सगळी राख भिंतीशी टाकलेली होती. भर दुपारी, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, लातूरच्या गंजगोलाईतला एक प्रतिष्ठित व्यापारी घरून आणलेल्या पिठाच्या चाळणीनं राख चाळत बसला. पाशामियाँ समोर बसून खडे निवडत होता. येणारेजाणारे विचारत, आप्पा, काय हरवलं? सोनं का? ईश्वरप्पा म्हणत, हाव, तसंच काहीतरी. पाशामियाँच्या घरच्या नवरा-बायकोच्या भांडणात हरवलेली एक नथ तेवढी त्या राखेत सापडली. व्हॉल्व काही मिळाला नाही.

रत्नम्माला आणायला बिलोलीला जायचं होतं, तेव्हा ईश्वरप्पा एक दिवस आधी निघून नांदेडला उतरले. इतवाऱ्यात त्यांचा शाळेतला दोस्त मोहियोद्दीन राहायचा, आता मास्तरकीतून रिटायर झालेला. त्याचे थोरले भाऊ निजामाच्या काळात हैदराबादेत इंजिनिअर झालेले, आणि तेव्हा तिथं शिकवणं उर्दूतून चालायचं. भाऊ गेले, पण त्यांची पुस्तकं मोहियोद्दीननं टाकली नव्हती. माळ्यावरून एक जाडजूड पुस्तक खाली आलं. पानं सुटलेली, आत इंजिनांची चित्रं, आणि सगळं उर्दूत.

"वाचता येतंय का तुला अजून?" मोहियोद्दीननं विचारलं.

ईश्वरप्पांची अख्खी शाळा उर्दूत झाली होती. पण निजाम गेला, कारभार मराठीत आला, आणि एकदा सोडलेल्या त्या अक्षरांकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नव्हतं. त्यांनी पहिली ओळ बोटानं धरली. एकेक अक्षर ओळखत, चुकत, अडखळत ओळ पुरी केली. मोहियोद्दीन खो खो हसला. "मौलवीसाब असते तर हातावर छडी बसली असती तुझ्या. पण येतंय तुला! यार, येतंय!" ईश्वरप्पांनाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बायकोसाठी म्हणून निघालेला माणूस इथं स्वतःचंच काही सापडल्यासारखा बसून राहिला. ते पुस्तक मोहियोद्दीननं जुन्या चादरीत बांधून दिलं.

परतीच्या एसटीत ते गाठोडं मांडीवर आणि शेजारी रत्नम्मा. ती नातवाबद्दल सांगत होती, त्याचं नाक कुणासारखं, तो कसा जांभया देतो. ईश्वरप्पा हाव हाव म्हणत होते आणि अहमदपूर येईपर्यंत त्यांना नातवाचं नाकही डोळ्यांसमोर आणता आलं नाही.

मग सुरू झाली दुपारची शाळा. गिऱ्हाईक नव्हतंच. दुकानाच्या मागच्या खोलीत ते पुस्तक वाचायचे. भाप कशी दबते, दट्ट्या कसा सरकतो, चाक त्याला परत कसं ढकलतं. कल्हईवाल्यानं त्यांना डाख शिकवला. "मला येतंय आप्पा, पण एवढं बारीक आता डोळ्याला दिसत न्हाई. तुम्हीच शिका," पाशामियाँ म्हणाला. तांब्याचं टोक असलेली सळई तापवायची, नवसागरावर घासायची, कथलाचा थेंब उचलायचा आणि तो जोडावर असा सोडायचा की तो आपला आपण पसरला पाहिजे. ईश्वरप्पांनी आधी रिकामे डबे डाखले, मग फुटके झारे डाखले, आणि बोटं तर रोजच भाजून घेतली. रत्नम्मा विचारायची, हे काय? समई उजळताना भाजलं, ते म्हणायचे. उर्दू पुस्तक पाहून तिनं विचारलं, आता म्हातारपणी हे काय काढलं? दुकानात करमत न्हाई, ते म्हणायचे. तिनं पुढं काही विचारलं नाही. एक खोटं दुसऱ्या खोट्याच्या पाठीवर बसत गेलं, आणि ईश्वरप्पांचं जेवण कमी होत गेलं.

टाकी जोडून झाली. पण व्हॉल्व नसताना जोडून करायचं काय? पुस्तकात व्हॉल्वचं चित्र होतं, नीट तपशीलवार, आणि ते पाहून त्यांना आणखीच खात्री पटली होती की आपण रत्नम्माच्या बापाच्या वस्तूचा जीवच जाळला. तरी टाकी गळते का एवढं तरी बघावं म्हणून ते तीत रोज पाणी भरायचे. गळायचीच. पुन्हा डाख, पुन्हा पाणी. पाणी आणायचे ते घरून, सकाळी दुकानाला निघताना, तांब्यानं, पिण्याच्या घागरीतून.

आता त्या वर्षी लातुरात ज्या बाईला आपल्या घागरीतलं पाणी कुठवर आहे हे माहीत नव्हतं, अशी बाई शोधून सापडली नसती. रत्नम्माच्या लक्षात आलंच. आधी तिनं शेजारणीवर संशय घेतला, मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग एका दुपारी ती सरळ दुकानात आली.

"अहो, रोजचं पाणी कुणाला देऊन राहिलात?" असं म्हणत ती मागच्या खोलीत शिरली. ईश्वरप्पा खाली बसलेले. पुढ्यात पाटावर तांब्याची टाकी, तिच्या बुडातून थेंब थेंब पाणी परातीत पडत होतं. शेजारी कागदावर नळी, दट्ट्या, चाक, शिट्टी.

ती दारातच थांबली. "हे बापूंचं हाय."

 ईश्वरप्पांनी सगळं सांगितलं. चैत्र, कल्हई, निखारे, रुमालातला तांब्या, स्टेशन, नांदेड. काही वगळलं नाही. रत्नम्मा ऐकत होती. तिनं वाकून टाकी उचलली, तिच्यातलं राहिलेलं पाणी परातीत ओतलं, परातीतलं पाणी तांब्यात, आणि टाकी पदरानं कोरडी केली. मग सगळे तुकडे एकेक करून डब्यात ठेवले, डबा काखेत घेतला आणि निघून गेली. ती ओरडली असती तर ईश्वरप्पांना बरं वाटलं असतं. घरी तिनं ताट वाढलं, भाकरी वाढली, आमटी वाढली. बोलली नाही.  आपण तिच्या बापाला दुसऱ्यांदा मारलं असं ईश्वरप्पांना खरोखरच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन पुन्हा दुकानात आली. त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचा. "कुठवर आलंय?"

"टाकी जुडलीय. गळती तेवढी काढायचीय. पण रत्ना, त्याचा उपेग न्हाई." त्यांनी पुस्तक उघडून चित्रावर बोट ठेवलं. "हा व्हॉल्व. ह्यो जळाला. राख चाळली, सगळीकडं विचारलं. ह्याच्याबिगर ते चालत न्हाई."

रत्नम्मानं चित्राकडे पाहिलं. "हे न्हवतंच त्यात."

"असं कसं? माणिकप्पा ड्रायव्हर म्हणला..."

"माणिकप्पानं बापूंचं इंजिन बघितलं व्हतं का?"

तिनं डब्यातून तो उभा पितळी पत्रा काढला आणि बोटाएवढी नळी काढली. नळीच्या पाठीवर एक खिळी होती, ती तिनं न चाचपडता पत्र्यातल्या भोकात घातली, मागून स्प्रिंग चढवली आणि नळीला बोटानं हलकेच ढकललं. नळी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली.

"ही नळीच डुलती," ती म्हणाली. "पाळण्यावानी. इकडं डुलली की वाफ आत येती, तिकडं डुलली की बाहेर जाती. दुसरं काही लागतच न्हाई. बापू माझं बोट धरून दाखवायचे. हितं, ह्या दोन भोकांपाशी." ती थांबली. "भोकं कुठं गेली?"

ईश्वरप्पांनी पत्रा डोळ्यांजवळ नेला. जिथं ती बोट ठेवत होती तिथं दोन फिकट ठिपके होते. इतके दिवस ते त्यांना डाखाचे डाग वाटले होते. निखाऱ्यात वितळलेला डाख भोकांत जाऊन बसला होता. त्यांनी सुई घेतली, तिचं टोक तापवलं आणि एक ठिपका टोचला. आरपार उजेड दिसला. दुसरा टोचला. तोही उघडला. हरवलं काहीच नव्हतं. मोठ्या इंजिनाचं शिक्षण घेऊन ते लहान इंजिनात नसलेला भाग शोधत फिरले होते, आणि ठाऊक असलेलं माणूस रोज त्यांना भाकरी वाढत होतं.

ते हसायला लागले, मग त्यांना हसवेना. रत्नम्मा मात्र हसली नाही.

"मला का न्हाई विचारलं?" ती म्हणाली.

"तुला कळू नये म्हणूनच तर सगळं..."

"त्ये चैत्रापासनंचं. मी त्याच्या आधीचं म्हणून राहिले. इतकी वर्षं पूजेत ठेवते मी हे. कसं चालतं, कोण चालवायचं, कुठनं आणलं, एकदाबी विचारावं वाटलं न्हाई तुम्हाला?"

 बंबाचं पिल्लू म्हणून ईश्वरप्पांनी दर वर्षी थट्टा तेवढी केली होती. इंजिन मोडल्याचं दुःख त्यांना चार महिने होतंच, पण ह्या प्रश्नानं जे आत लागलं ते त्याहून खोल होतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. रत्नम्मानंही त्याहून जास्त मागितलं नाही. तिनं सळई त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर दोघंही दुपारी दुकानात बसू लागले. ती आठवून सांगायची, ते डाखायचे. सगळं काही तिला आठवायचं नाही. दट्ट्याला तेल कसलं घालायचे, वाफ जास्त झाली तर काय, हे तिला सांगता यायचं नाही, तिथं मग उर्दू पुस्तक कामाला यायचं, आणि ईश्वरप्पा मोठ्यानं वाचून तिला मराठीत सांगायचे. गळती थांबली. चाक सरळ झालं. शिट्टी बसली. पाशामियाँ येऊन जोडांवरून अंगठा फिरवून गेला आणि म्हणाला, आप्पा, आता दुकान बंद करून माझ्याशेजारी बसा.

खंडेनवमीच्या सकाळी दुकानाची फळी अर्धीच उघडलेली होती. तराजू मांडला होता, कोरायचं यंत्र मांडलं होतं, मधोमध इंजिन. रत्नम्मानं विभूती लावली, फूल वाहिलं. मग नेहमीप्रमाणे हात जोडून मागं सरकली नाही, तिथंच बसली. पिण्याचं पाणी टाकीत घालायचं नाही असं तिनं बजावलं होतं, आणि पुस्तकातही क्षाराच्या पाण्यानं टाकी खराब होते असं होतं. म्हणून ईश्वरप्पांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याची बाटली आणली होती. टाकी भरली, दिवा पेटवला, आणि दोघं गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसले.

बराच वेळ काही झालं नाही. मग टाकी आतल्या आत कुरकुरली. नळीच्या तोंडाशी वाफेचा एक धागा आला, पाण्याचा थेंब उडाला, पण चाक जागचं हललं नाही.  "थांबा," रत्नम्मा म्हणाली, आणि तिनं एका बोटानं चाकाला धक्का दिला. नळी डुलली. चाक एकदा फिरलं, अडखळलं, पुन्हा फिरलं, आणि मग टुकटुक टुकटुक करत असं सुटलं की फळी हादरायला लागली. झेंडूचं फूल घरंगळून खाली पडलं. ईश्वरप्पांनी शिट्टीची दांडी दाबली. बारीक, कोवळी शिट्टी दुकानातल्या सगळ्या रिकाम्या घागरींत घुमली.

त्यांनी वळून पाहिलं तर रत्नम्मा रडत होती. तोंड न झाकता, लहान मूल रडतं तशी.

"काय झालं? रत्ना, पुन्हा काही बिघडलं का?"

तिनं मान हलवली. म्हणाली, "आई गेली तेव्हा मी सहाएक वर्षांची असेन. तेव्हापासनं मी बोलायची बंद झाले. कुणाशीच बोलेना. बापू मला वैद्याकडं घेऊन गेले, मठात घेऊन गेले, दर्ग्यालाबी नेलं. मी बोललेच न्हाई. लोक म्हणायचे, पोर मुकी झाली. मग बापू हैदराबादला गेले, नुमाइशीला, तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला, दुकानाचा माल आणायला. आन् माल न आणता हे घेऊन आले. अंगणात मांडलं. सगळी गल्ली हसून राहिली त्यांना, पोर मुकी आन् बाप खेळण्याशी खेळतो म्हणून. बापूंनी दिवा लावला. चाक फिरलं, शिट्टी वाजली, आन् मी बोलले."

"काय बोललीस?" ईश्वरप्पांनी विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर विचारलं.

"इन्नोम्मे," ती म्हणाली.

उदगीरच्या तिच्या घरात कानडी बोलायचे. ईश्वरप्पांना तेवढं कानडी कळत होतं. इन्नोम्मे म्हणजे आणखी एकदा.

टाकीतलं पाणी सरत आलं होतं. चाक मंदावलं, नळी दोनदा डुलली आणि थांबली. बाहेर गोलाईत दुकानं उघडत होती, कुणीतरी आप्पा, आप्पा म्हणून हाक मारत होतं. ईश्वरप्पांनी टाकी निवेपर्यंत वाट पाहिली, झाकण काढलं आणि बाटलीतलं पाणी तीत ओतायला लागले.